मौन पाळा, म्हणजे इतरांना पाळायला लावा

समजा तुम्ही अमेरिकेत सान फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियात राहता, पगार उत्तम, झोप मात्र लागत नाही, म्हणून डोंगरावरच्या एका बौद्ध ध्यानकेंद्रात जाऊ लागला आहात. अभिनंदन. तिथली शांतता टिकवणं आता तुमचंही काम. ती मोबाईलने तेवढी भंगत नाही, जेवढी एखाद्या कृष्णवर्णीय साधिकेने शेवटी हात वर करून "या खोलीत माझ्यासारखी मी एकटीच का?" असं विचारल्याने भंगते.

घाबरू नका. अनात्मवाद शिकलात तो कशासाठी? डोळे अर्धवट मिटून म्हणा, "मुळात 'मी'च नाही, तर काळं कोण आणि गोरं कोण?" हा सिद्धांत फक्त समोरच्याच्या 'मी'ला लावायचा असतो. आपली खिडकीजवळची गादी, विश्वस्त मंडळातल्या खुर्च्या यांना लावू नये. तरीही बाई ऐकेनात, तर त्यांच्या रागावर मैत्रीभावनेचं ध्यान सुचवा आणि रागाच्या कारणाकडे साक्षीभावाने पाहत राहा.

बे एरियातल्याच ओकलंडला २००७ साली ईस्ट बे मेडिटेशन सेंटर सुरू झालं. तिथे गौरेतरांची स्वतंत्र बैठक भरते आणि ठरावीक फी नसते, जमेल ते दान. हे ऐकलं की "अरेरे, धम्मात फूट!" म्हणून हळहळा. आपल्याकडे जवळजवळ सगळे गोरेच बसतात, ती काही वेगळी बैठक नव्हे. ती नुसती बैठक.

अमेरिकेतल्या बौद्ध धर्माचा इतिहास सांगायची वेळ आली तर १९५०च्या दशकातले बंडखोर बीट कवी, हिप्पी आणि मग थेट तुमचा झोपेचा त्रास, एवढंच सांगा. १८९९ साली सान फ्रान्सिस्कोत जपानी धर्मोपदेशक आले होते, हे कशाला उकरायचं? पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर अशा उपदेशकांना पकडून नेलं. १९४२ पासून सुमारे १,२०,००० जपानी वंशाची माणसं काटेरी तारांच्या छावण्यांत डांबली, बहुतेक अमेरिकेचेच नागरिक. तिथे लोकांनी टाकाऊ लाकडातून बुद्धाचे देव्हारे केले. पण तो म्हणे आजीबाईंचा, उदबत्त्यांचा बौद्ध धर्म. शुद्ध तो आपला, कारण त्यात आजीही नाही आणि छावणीही नाही.

प्रवचनात उपाली न्हाव्याची गोष्ट निघाली, तर पाणी प्यायला उठा. शाक्य राजपुत्रांनी आपल्याआधी त्या न्हाव्याला प्रव्रज्या, म्हणजे भिक्षुदीक्षा, द्यायला बुद्धांना सांगितलं, म्हणजे त्याला वंदन करताना आपली घमेंड उतरेल. असले प्रयोग आपल्या केंद्रात कोणी सुचवू नयेत.

तुमची खरी चैन पुढे आहे. "बुद्धाच्या देशातून आलात?" असं कुणी भारावून विचारलं, की नम्रपणे मान लववा. मात्र १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर, दीक्षाभूमी यांतलं काही तोंडून निसटू देऊ नका. निसटलंच, तर "ते जरा राजकीय आहे" म्हणा. (तुमच्या गावच्या बौद्धवाड्यात तुम्ही कधी गेला नव्हतात, हे इथे कुणाला ठाऊक असणार?)

धोका एकच. आंबेडकरांनी १९४६ साली कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दुबॉईस यांना पत्र लिहिलं आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या, हे त्या बाईंनी वाचलेलं असू शकतं. त्या कौतुकाने विचारतील, "मग तुमच्या घरी आंबेडकरांचा फोटो असेलच ना?"

तेव्हा मात्र हात लांब करून घंटा वाजवा. घंटा झाल्यावर कुणी बोलायचं नसतं.