पुलावर बाग करायची? आधी नदीकडं पाठ फिरवा

न्यूयॉर्कात 1980 साली शेवटची मालगाडी धावलेल्या एका उंच रेल्वेमार्गावर 2009 मध्ये बाग झाली. हाय लाईन. तुम्ही तिचं रीळ बघितलंय, म्हणजे आता कोल्हापूरला ती पाहिजेच. अडचण एवढीच, की आपल्याकडं बंद पडलेला रेल्वे पूलच नाही. मिरजेहून 1891 ला सुरू झालेली गाडी रुकडीजवळ पंचगंगा ओलांडून अजून रोज येते, काय करणार? पण नाराज होऊ नका. पंचगंगेवरचा जुना शिवाजी पूल आहे. वाहतूक शेजारच्या पर्यायी पुलावर गेली, दगडी कमानी मोकळ्या आहेत.

पहिलं काम, नदीकडं बघायचं नाही. बघितलं की गावातून नदीत येणारा जयंती नाला आठवतो, आणि नाल्यात काय काय येतं ते सांगायला लागतं. वास आलाच तर मोगऱ्याच्या कुंड्या वाढवा.

मग उजेड. काळ्या दगडाला जांभळा फार खुलतो. दगड आहे तसाच बरा दिसतो, असं म्हणणारा एखादा आजोबा निघेलच. त्यांना समितीत घ्या, बैठकीचा निरोप मात्र धाडू नका. शेजारच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत ग्रीक समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची मूर्ती सापडली होती, ती टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. ती बघायला कशाला जायचं? फायबरचा बारा फुटी पोसायडन उभा करा, हातात त्रिशूळ द्या. लोक महादेव समजून हात जोडतील, तेवढंच पुण्य.

म्हशींना बंदी घाला. घाटावर त्यांना धुणारे, पहाटे पोहणारे, कठड्यावरून सूर मारणारी पोरं, ही सगळी मंडळी फोटोत नको त्या वेळी येतात. दूध मात्र ठेवा. गंगावेशीत म्हशीची धार थेट ग्लासात पडते, फेस मिशीला लागतो, पिणारा मनगटानं पुसतो आणि पैसे देऊन घरी जातो. तेच दूध पुलावर कागदी कपात, ‘धारोष्ण अनुभव’ म्हणून शंभरला. मिशी पुसायला टिश्यू वेगळा.

कोनशिला मात्र मोठी घ्या. नावं मावत नसली तर पूल रुंद करता येईल. वाढदिवसाच्या डिजिटल बोर्डांना राखीव जागा सोडा, नाहीतर पोरं पोसायडनच्या गळ्यात बांधतात.

राहता राहिला पावसाळा. नदीची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात: 39 फुटाला इशारा, 43 ला धोका. 2019 आणि 2021 ला पाणी 55 च्या वर गेलं होतं. बाकडी कुठं हलवायची ते निविदेत लिहू नका, दरवर्षी नवी घेता येतात.

आणि त्याच दिवसांत, दिवे नाहीत, कुंड्या नाहीत, तरी अख्खं गाव पाणी बघायला येतं. बायको, पोरं, एक छत्री, गरम कणीस. पोलिसाची शिट्टी वाजेपर्यंत कुणी हलत नाही.

“किती झालं?”

“साडेएकेचाळीस. वाढतंय.”