जमा लिहू का नावे?

पाऊस लागला की आमचा कट्टा तालमीच्या पायरीवरून उठतो आणि समोर मावशींच्या चहाच्या पत्र्याखाली जातो. आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा सीझन संपलेला, कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमला कुलूप, आणि पुढच्या सीझनला बाहेरचा स्ट्रायकर आणायचा तर पैसे कुठनं आणायचे, हा विषय. दर पावसाळ्यातला.

काढला सच्यानं. सच्या पुण्याहून एमबीए करून आलाय आणि त्याचा पुरावा म्हणून 'बेसिकली'शिवाय वाक्य सुरू करत नाही.

"बेसिकली आपण गेटवर अवलंबून आहोत, हाच प्रॉब्लेम आहे."

"गेट आपलं होतं कधी?" इक्बालभाई म्हणाले, मान वर न करता. "तिकिटाचा पैसा स्पर्धा भरवणाऱ्याचा. आपल्या वाट्याला येतंय ते हलगीवाल्याचं बिल."

इक्बालभाई आमचे खजिनदार. त्यांची निळ्या रेक्झिनची वही पावसाळ्यात दुधाच्या पिशवीत राहते. तालमीत एवढी काळजी आम्ही चषकाचीही घेत नाही.

सच्यानं मोबाईल पुढं केला. २०२० चा लॉकडाऊन, जर्मनीतला लोकोमोटिव्ह लाइपझिग, चौथ्या डिव्हिजनचा क्लब. मैदान बंद, खिसा रिकामा. त्यांनी अदृश्य संघाविरुद्ध सामना जाहीर केला. तिकीट १ युरो. दीड लाखाच्या वर तिकिटं खपली.

"जिंकलं कोण?" पम्यानं विचारलं. पम्या मँचेस्टर युनायटेडचा, त्यामुळं त्याला निकालाची भीती कायमच.

"अदृश्य संघाचा गोलबी बापूनंच खाल्ला असता," दिग्या म्हणाला.

बापू आमचे जुने गोलकीपर. एका फायनलला बॉल त्यांच्या दोन पायांतून गेला होता. त्याला तीस वर्षं झाली, पण पेठेत आजही कुणाच्या हातून ताट निसटलं तरी 'बापू झाला' म्हणतात. "चिखल होता रं त्या दिवशी," बापू म्हणाले. हेही दर पावसाळ्यातलं.

मी सांगितलं, लाइपझिगचं गणित एवढं सोपं नव्हतं. १९८७ ला युरोपातल्या कप विनर्स कपच्या सेमीफायनलला, फ्रान्सच्या बोर्दोविरुद्ध, त्यांच्या स्टेडियमात लाखाच्या वर माणूस होतं म्हणतात. तोच आकडा तिकिटांनी मोडायचा, असं आव्हान लोकांपुढं ठेवलं होतं.

"म्हणजे त्यांनी तिकीट न्हाई विकलं, आठवण विकली," इक्बालभाई म्हणाले. "आपल्याकडं विकाय काय हाय? बापूच्या पायातनं गेलेला बॉल."

"त्याचंबी पोस्टर खपंल," दिग्या.

सच्यानं मग लाईव्हचं काढलं. आपलं स्वतःचं यूट्यूब चॅनेल, एक हजार सबस्क्रायबर, चार हजार तास वॉचटाइम, की जाहिरातीचे पैसे सुरू. बेसिकली.

"मॅचा दुसरी चॅनेलवाली दाखवत्यातच की," पम्या म्हणाला. "आपल्या चॅनेलवर काय दाखवायचं?"

"बिहाइंड द सीन्स. प्लेयर्सची लाइफस्टाइल."

आम्ही सगळ्यांनी आमच्या सेंटर हाफकडं बघितलं. तो पलीकडं गॅरेजच्या दारात स्कूटरचा प्लग घासत होता.

आता दिग्याला चेव आला. त्याचं जर्सी छापायचं दुकान. त्यानं लंडनच्या क्लॅप्टनचं उदाहरण दिलं. चाहत्यांनीच चालवलेला क्लब, अगदी तळातल्या डिव्हिजनचा. २०१८ ला त्यांनी बाहेरच्या मैदानासाठी तांबडी-पिवळी-जांभळी जर्सी काढली. स्पेनच्या यादवी युद्धात लोकशाहीच्या बाजूनं लढायला जगभरातून गेलेल्या लोकांची आठवण म्हणून. अडीचशेच्या आसपास शिवून घ्यायचा बेत होता, मागणी आली हजारांनी, त्यातली मोठी स्पेनमधूनच. सामन्याला येणार नाहीत अशा माणसांनी जर्सी घेतली.

"बघा! जर्सीतच पैसा हाय."

"तुझ्यात आपली जर्सी कितीला?" इक्बालभाई.

"साडेतीनशे."

"त्यातलं तालमीला किती येतंय?"

दिग्यानं चहाचा घोट जरा लांबवला.

"आणि समोरच्या पेठेची?"

"तीबी साडेतीनशेच. धंदा हाय इक्बालभाई."

"व्हय. नुसता तुझा हाय."

आयबारचं मी काढलं आणि फसलो. स्पेनमधलं २७ हजार वस्तीचं गाव, २०१४ ला संघ वरच्या डिव्हिजनला पोचला, तर नियम आडवा आला, क्लबचं भांडवल १७ लाख युरोनं वाढवा. त्यांनी जगभर शेअर विकले, एका माणसाला एक लाख युरोच्या वर नाही, म्हणजे कुणी एकटा मालक होऊ नये.

"आपल्यात उलट," बापू म्हणाले. "एकटा मालक मिळंना म्हणून वर्गणी." इलेक्शन लागलं की नवं किट येतं आणि गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स लागतो, त्यावर आमचा कॅप्टन पासपोर्ट साइजमध्ये आणि साहेब पूर्ण उंचीचे. इलेक्शन झालं की फ्लेक्स मावशींच्या पत्र्यावर येतो. आत्ता गळत नव्हतं ते त्यामुळंच.

मग बोलणं आलं पोरांवर, आणि कट्टा जरा गप्प झाला. खेळाडू परदेशी क्लबात विकला गेला की रकमेतले ५ टक्के, तो १२ ते २३ वर्षांचा असताना ज्या क्लबांत खेळला, त्यांच्यात वाटायचे, हा फिफाचा नियम. त्यासाठी गेट लागत नाही, पाऊस आडवा येत नाही. २०२२ पासून त्याच्या वाटपासाठी फिफाचं वेगळं क्लिअरिंग हाउसही आहे.

"कागद लागतो," इक्बालभाई म्हणाले. आता वही मिटून. "पोराचं नाव फेडरेशनच्या सीआरएसवर, म्हंजी त्या ऑनलाइन नोंदणीत, आपल्या क्लबातनं चढलं पायजे. आपल्या गल्लीतलं ते पोरगं, बापूनं पहिला बूट घेऊन दिलेलं. सहा वर्षं आपल्यात खेळलं. तेराव्या वर्षी ॲकॅडमीत गेलं. आपल्याकडं त्याचं काय हाय? एक फोटो. त्यातबी पम्याचं डोस्कं मधी आलंय."

"त्याचा फॉर्म भरायचा कुणी होता?" बापूंनी विचारलं.

कुणीच बोललं नाही. सेक्रेटरी तेव्हा मी होतो. फॉर्म माझ्या कपाटात होता, पोराच्या जन्मदाखल्यासाठी थांबलेला. दाखला आला तोवर पोरगं गेलं होतं.

"२०१७ ला अनिकेत जाधव सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला खेळला," इक्बालभाई पुढं म्हणाले, "तवा निम्मं कोल्हापूर म्हणत हुतं, पोरगं आमच्या म्होरं खेळलंय. म्होरं खेळल्याची पावती नसती."

पम्याला हे गंभीर वातावरण सोसेना. "ते जाऊ द्या, दर महिन्याला हमखास येईल असं काहीतरी सांगा की."

"सांगतो. तालमीच्या खालचा गाळा. १९९४ पासनं भाडं ४०० रुपये. गेल्या आठ महिन्यांचं आलेलं न्हाई. भाडेकरू कोण?"

पम्याचा चुलता. सगळ्या पेठेला माहीत. पम्या पावसाकडं बघायला लागला.

"काकाला सांग, लाइपझिगवाल्यांनी अदृश्य संघ आणला, आमच्यात अदृश्य भाडेकरू हाय," दिग्या म्हणाला. मघाचा वचपा पम्यावर निघाला.

पम्या तावातावानं उठला. "बास! क्लबासाठी मी काय करत न्हाई व्हय? सच्या, तुझं ते बिनमॅचचं तिकीट, पहिलं मी घेतो. दहा रुपये. कुठाय तुझा क्यूआर?"

"कालच खांबाला चिकटवलाय," सच्या अभिमानानं म्हणाला.

चिकटवला होता, साध्या प्रिंटरचा साधा कागद. रात्रभराच्या पावसानं त्याची शाई उतरून खांबावर गुलाबी ओघळ आले होते. पम्यानं न बघता शेजारचा, प्लॅस्टिकमध्ये घातलेला स्कॅन केला आणि फोन झेंड्यासारखा वर धरला.

आतल्या डब्यातून बाई बोलली, "दहा रुपये प्राप्त झाले."

"पमू," मावशी स्टोव्हमागून म्हणाल्या, "दोनशे चाळीस हुती. आता दोनशे तीस राहिली."

बापूंना हसताना ठसका लागला आणि ग्लास हातातून सुटला. चौघं एकदम ओरडली, "बापू झाला!"

इक्बालभाईंनी पिशवीतून वही पुन्हा बाहेर काढली, पेनाचं टोपण दातात धरलं आणि विचारलं, "सच्या, हे बेसिकली जमा लिहू का नावे?"