मेणाविना मूर्ती? 'सिन्सिअर'ची बनावट जन्मकथा

शिक्षक दिन, कंपनीतलं प्रशिक्षण, व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर, असं काहीही जवळ आलं की मोबाईलवर एक गोष्ट येऊन पडते. मजकूर थोडाफार बदलतो, पण गाभा असा: प्राचीन रोममधले लबाड शिल्पकार संगमरवरी मूर्तीतल्या भेगा मेणाने बुजवून ती विकत. गिऱ्हाइकाने मूर्ती अंगणात ठेवली की उन्हाने मेण वितळे आणि भेग उघडी पडे. म्हणून सचोटीचे शिल्पकार दुकानावर 'सिने सेरा', म्हणजे 'मेणाविना', अशी पाटी लावू लागले. त्या दोन शब्दांतून 'सिन्सिअर' जन्मला. आणि शेवटी उपदेश: आयुष्यही मेणाविना जगा.

यातलं शब्दज्ञान तेवढं बरोबर आहे. लॅटिनमध्ये 'सिने' म्हणजे विना आणि 'केरा' म्हणजे मेण. (रोमन लोक तिथे 'क' म्हणत, 'सेरा' हा पुढच्या काळातला उच्चार.) शिल्पकार, भेग, ऊन आणि पाटी मात्र फार नंतर कुणीतरी रचलेलं आहे. इंग्रजी 'सिन्सिअर' ज्या लॅटिन विशेषणातून आला त्या 'सिंकेरुस'चा संगमरवराशी काहीही संबंध नाही. त्याचा संबंध भेसळ नसण्याशी आहे. मनापासून बोलणं हा त्या अर्थाला फुटलेला एक फाटा. गोष्टीतला एकेक दावा सुटा करून पाहू.

"शिल्पकार दुकानावर तशी पाटी लावत"

रोमन माणूस भिंती कोऱ्या ठेवणारा नव्हता. इ.स. ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पॉम्पेईत निवडणुकीचा प्रचार, भाड्याने द्यायच्या जागांच्या जाहिराती, दुकानातून चोरीला गेलेल्या तांब्याच्या घागरीसाठी जाहीर केलेलं बक्षीस, प्रेमाच्या ओळी आणि अस्सल शिव्या असा हजारोंनी मजकूर सापडला आहे. 'सिने केरा' अशी शिल्पकाराची पाटी तिथेही नाही आणि रोमन साम्राज्यात इतरत्रही मिळालेली नाही. पहिल्या शतकातल्या थोरल्या प्लिनी या रोमन लेखकाने आपल्या ज्ञानकोशाच्या शेवटच्या भागांत धातू, रंग, दगड आणि रत्नं यांवर पानंच्या पानं लिहिली. महागड्या रंगांत कोण काय मिसळतं आणि नकली रत्न कसं ओळखायचं हे तो चवीने सांगतो. मेणाने भेग बुजवण्याची युक्ती इतकी प्रचलित असती, तर हा गृहस्थ ती सांगितल्याशिवाय राहिला नसता.

काही आवृत्त्यांत तर रोमन सिनेटने मेणाविरुद्ध कायदाच केलेला असतो. असा कायदा नाही. विकणाऱ्याने मालातले दोष आधी सांगावेत असा एक नियम रोममध्ये खरोखर होता. बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, म्हणजे ईडाइल मंडळींनी, तो काढला होता, आणि इ.स. ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने प्रसिद्ध झालेल्या विधिसंग्रहात त्यावर अख्खं प्रकरण आहे. पण तो गुलामांच्या आणि जनावरांच्या विक्रीपुरता केलेला होता. सुविचाराच्या चित्रावर हा तपशील कुणी छापणार नाही.

"मेण म्हणजे फसवणूक"

गोष्टीचा सगळ्यात चुकीचा भाग हाच. तो रोमन कारागिरीला अगदी उलटं टांगतो.

इ.स.पू. पहिल्या शतकाच्या अखेरीस व्हिट्रुव्हियस नावाच्या स्थापत्यकाराने बांधकामावर ग्रंथ लिहिला. त्यात एक किस्सा आहे. फाबेरियस नावाच्या एका लेखनिकाला आव्हेंटाइन टेकडीवरचं आपलं घर झोकदार करायचं होतं. त्याने चौकाभोवतीच्या सगळ्या भिंती हिंगुळाने, म्हणजे महागड्या लाल रंगाने, रंगवून घेतल्या. उघड्या जागेवर ऊन लागलं आणि तीस दिवसांत भिंतींवर विद्रूप डाग उठले. बिचाऱ्याला दुसरा रंग द्यायला माणसं लावावी लागली. मग व्हिट्रुव्हियस उपाय सांगतो: भिंत वाळली की प्यूनिक मेण, म्हणजे शुद्ध करून पांढरं केलेलं मधमाशीचं मेण, थोड्या तेलात वितळवून ब्रशने लावा, लोखंडी भांड्यातल्या निखाऱ्यांनी शेकून ते भिंतीत जिरवा आणि शेवटी मेणबत्ती व स्वच्छ तागाचं कापड यांनी घासा, नग्न संगमरवरी मूर्तींना करतात तसं.

नग्न संगमरवरी मूर्तींना करतात तसं! म्हणजे मूर्तीला मेण लावणं ही रोजची, माहीत असलेली रीत होती. इतकी की दुसरी गोष्ट समजावताना तिचा दाखला देता येत होता. शिवाय इथे मेण उन्हापासून वाचवतं. मोबाईलवरच्या गोष्टीत ऊन मेणाचं बिंग फोडतं. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं. उन्हात ते मऊ पडेल, पण अंगणातल्या मूर्तीच्या भेगेतून ओघळायला रोमचा उन्हाळाही कमीच पडतो.

शिवाय मूर्ती पांढऱ्याशुभ्र ठेवण्याची कल्पनाच पुढची आहे. ग्रीक आणि रोमन मूर्ती रंगवलेल्या असत: डोळे, ओठ, केस, वस्त्रांचे काठ. रंग धरून ठेवायला मेणही वापरत. प्लिनी सांगतो, की प्राक्सितेलेस या थोर शिल्पकाराला कुणीतरी विचारलं, तुझ्या संगमरवरी कामांतली तुला स्वतःला कोणती आवडतात? तो म्हणाला, ज्यांवर निकियासने हात फिरवला ती. निकियास हा चित्रकार, रंगाचा शेवटचा हात देणारा. शिल्पकार दुसऱ्याच्या रंगकामाला इतका मान देतो, आणि आपण मात्र मूर्तीवरचा प्रत्येक थर म्हणजे लपवाछपवी असं धरून चाललो आहोत.

कांस्यमूर्तीचं तर विचारूच नका. आधी मेणाचा नमुना, त्यावर मातीचा साचा, मग मेण वितळवून बाहेर आणि त्या पोकळीत धातू. मेणाविना ती मूर्ती घडायचीच नाही.

घराघरांत मेणाचा मान आणखी मोठा. उमरावांच्या दिवाणखान्यात पूर्वजांचे मेणाचे मुखवटे कपाटांत ठेवलेले असत, आणि घरात कुणी गेलं की ते अंत्ययात्रेत निघत. पत्र लिहायचं ते मेणाच्या पाटीवर. दोरा बांधून त्यावर मुद्रा उमटवायची तीही मेणात. म्हणूनच या गोष्टीची जी दुसरी आवृत्ती म्हणते, की मेणाची मोहोर नसलेलं उघडं पत्र ते 'सिन्सिअर', ती आणखीच विनोदी आहे. इ.स.पू. ६३ च्या डिसेंबरात रोमचा तेव्हाचा कॉन्सल आणि नामांकित वक्ता सिसेरो याने सत्ता उलथवू पाहणाऱ्या कॅटिलिनाच्या कटवाल्यांना सिनेटपुढे उभं केलं, तेव्हा आधी पत्रावरची मुद्रा दाखवली. त्यांच्यातल्या केथेगुसने ती आपलीच असल्याचं कबूल केलं, मग दोरा कापला आणि पत्र वाचलं. मुद्रा शाबूत होती म्हणून पुरावा टिकला.

"शब्द स्पॅनिशमधून आला", "मायकेलअँजेलोच्या काळात आला"

स्पॅनिशमध्ये 'सिन सेरा' म्हणजे मेणाविना, हे खरं. पण लॅटिन विशेषण मायकेलअँजेलोच्या सतराशे वर्षं आधी लॅटिन लेखनात वावरत होतं. पुढे चला.

"सिने + केरा = सिंकेरुस"

कानाला हे पटतं, मान्य. आणि ही फोड अगदी आजची नाही, हेही कबूल करायला हवं. इ.स.पू. १६१ मध्ये रोममध्ये टेरेन्सचं एक नाटक झालं. त्यात प्रेमात पोळलेला तरुण आपल्या प्रेयसीला म्हणतो, की तू हे 'सिंकेरे' बोलतेस अशी खात्री पटली तर मी वाटेल ते सोसेन. पाचशे वर्षांनी, चौथ्या शतकात, डोनाटस या व्याकरणकाराने या ओळीवर टीप लिहिली: सिंकेरुम म्हणजे शुद्ध, रंग न चढवलेलं आणि साधं, जसा मेणाविना मध.

मध! मेणाची गोष्ट जुन्यात जुन्या रूपात सापडते ती पोळ्यातून गाळलेल्या मधाच्या उपमेत. तिथे शिल्पकार नाही, भेग नाही, फसवणूक नाही. मधात मेणाचे कण राहिले तर तो निर्भेळ नाही, एवढंच म्हणणं आहे. संगमरवर या कथेत फार पुढे शिरला.

पण डोनाटसची उपमा सुरेख असली तरी ती व्युत्पत्ती ठरत नाही. जुन्या व्याकरणकारांना शब्दांचे कान पिळून अर्थ काढायची सवय होती. 'लुकुस' म्हणजे देवराई. तिथे उजेड पोचत नाही म्हणून उजेडाच्या धातूवरून तिला ते नाव पडलं, असंही सांगितलं जाई, आणि पहिल्या शतकातच क्विंटिलियन या वक्तृत्वाच्या शिक्षकाने त्याची टर उडवली होती.

भाषेच्या चालीतही ही फोड बसत नाही. 'अमुक नसलेला' असं विशेषण करताना लॅटिन 'सिने' हे अव्यय जोडत नाही. 'इन', 'से', 'एक्स' असे उपसर्ग लावतं. शस्त्र नसलेला तो 'इनेर्मिस', दाढी नसलेला 'इंबेर्बिस', चिंता नसलेला 'सेकुरुस' (त्यातूनच इंग्रजी 'सिक्युअर'), रक्त नसलेला 'एक्सांग्विस'. मेण नसलेल्यासाठी शब्द घडवायचाच असता तर तो याच साच्यातून निघाला असता.

अभ्यासकांना जास्त पटणारी फोड अशी आहे: आधीचा 'सिन्' हा 'एक' या अर्थाच्या जुन्या 'सेम्' धातूतला, जो 'सिंप्लेक्स' (एकपदरी) आणि 'सिंगुली' (एकेक) यांत दिसतो. संस्कृत 'सकृत्', म्हणजे एकदा, यातला 'स' त्याच घराण्याचा. पुढचा 'केरुस' हा वाढण्याच्या धातूतला. उंच या अर्थाचा 'प्रोकेरुस' आणि धान्यदेवता केरेस त्याच कुळातली. म्हणजे 'सिंकेरुस' म्हणजे एकाच वाढीचा, ज्यात दुसरं काही कलम झालेलं नाही असा. यावर शिक्कामोर्तब झालेलं नाही, पण प्रत्यक्ष वापराशी ते जुळतं. मेणाची फोड मात्र ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाने संभवत नाही म्हणून केव्हाच बाजूला ठेवली आहे.

"मूळ अर्थ: प्रामाणिक माणूस"

इथे थोडं थांबायला हवं, कारण खरी मजा या विशेषणाच्या वापरात आहे.

रोमन कवी ओव्हिडच्या महाकाव्यात देवांचा राजा ज्युपिटर म्हणतो, की बरा न होणारा भाग सुरीने कापून टाकावा, नाहीतर 'पार्स सिंकेरा'लाही लागण होईल. म्हणजे अजून निरोगी असलेला भाग. तोच ओव्हिड पुढे म्हणतो, 'सिंकेरा' सुख असं कुठलंच नसतं. आनंदाच्या मध्येच काहीतरी काळजी येऊन उभी राहते. इथे 'प्रामाणिक सुख' म्हटलं तर वाक्य मेलं. मराठीत आपण ज्याला 'निर्भेळ आनंद' म्हणतो, अगदी तेच हे. 'निर्भेळ' हा शब्द हाताशी असताना मराठी माणसाने या विशेषणासाठी 'प्रामाणिक' का वापरावा, मला कळत नाही. आणि आपल्याकडच्या बोलण्यातल्या 'सिन्सिअर'ची तर आणखीच तिसरी तऱ्हा: "पोरगा सिन्सिअर आहे" म्हणजे वेळेवर येतो, वह्या पूर्ण ठेवतो. तो खरं बोलतो की नाही याची चौकशी कुणी करत नाही.

सोळाव्या शतकात इंग्रजीत आला तेव्हाही शब्दाला हा जुना वास होताच. १६११ च्या इंग्रजी बायबलात नवजात बालकांनी ज्याची ओढ धरावी ते दूध 'सिन्सिअर' आहे. मराठी बायबलात तिथे 'निरं दूध' आहे, आणि ते बरोब्बर आहे.

नैतिक अर्थ लॅटिनमध्येही आहे, नाही असं नाही. इ.स.पू. ४४ मध्ये मैत्रीवर लिहिताना सिसेरो म्हणतो, की खुशामत्या मित्र आणि खरा मित्र यांतला फरक नीट पाहिलं तर कळतो, जसा रंगवलेल्या आणि बनावट गोष्टींचा 'सिंकेरुस' आणि खऱ्या गोष्टींपासून कळतो. रंगवलेल्या गोष्टींसाठी त्याचा शब्द 'फुकाता', म्हणजे रंग किंवा लाली चढवलेल्या. डोनाटसही 'फुकुस'च म्हणतो. सोंगासाठी रोमन माणसाच्या तोंडी रंग होता. मेण नव्हतं.

आणि याच विशेषणाची एक काळी बाजू आहे. इ.स. ९८ च्या सुमारास टॅसिटस या रोमन इतिहासकाराने जर्मन टोळ्यांबद्दल लिहिलं, की ही जमात स्वतःसारखीच, 'सिंकेरा' राहिली आहे, इतर लोकांशी लग्नसंबंधांनी मिसळलेली नाही. 'भेसळ नसलेलं' हा अर्थ माणसांच्या रक्ताला लावला की काय होतं ते विसाव्या शतकाने पाहिलं. नाझींना टॅसिटसचं ते पुस्तक इतकं हवंहवंसं वाटलं, की १९४३ मध्ये नाझी नेता हिमलरच्या एसएस या निमलष्करी दलाची तुकडी त्याचं एक जुनं हस्तलिखित शोधत इटलीतल्या आंकोनाजवळच्या एका वाड्यात घुसली. हस्तलिखित त्यांच्या हाती लागलं नाही.

"गोष्ट खोटी असेल, पण बोध चांगला आहे ना?"

हा शेवटचा बचाव नेहमी येतो. पण गोष्टीचा सगळा जोर "हा शब्दाचा इतिहास आहे" या एका वाक्यावर आहे. ते काढलं तर उरतं ते "फसवू नका", आणि तेवढ्यासाठी रोमला जायची गरज नव्हती. शिवाय प्रामाणिकपणा शिकवणारा मजकूर स्वतःच न तपासता पुढे ढकललेला असावा, यातली गंमत ढकलणाऱ्यांच्याही लक्षात यायला हरकत नाही.

बोधासाठी याच विशेषणाचं खरं वाक्य हवं असेल तर ते रोमन कवी होरेसकडे आहे, इ.स.पू. २० च्या सुमाराच्या एका पद्य-पत्रात: भांडं 'सिंकेरुम' नसेल तर त्यात जे ओताल ते आंबतं. तो हे एका तरुणाला, मन तयार होण्याच्या वयात वाचनाची सवय लाव, असं सांगताना म्हणतो. शिक्षक दिनाला ते सहज चालेल.