उष्णता मागे वळते, पण चढ चढत नाही

सर,

तुमचा आक्षेप असा: 'उष्णता उलटी वाहवणारा पदार्थ' हे माझं वाक्य उष्मागतिकीचा दुसरा नियम (उष्णता आपण होऊन गरमाकडून थंडाकडेच जाते) मोडतं आणि मुलांची दिशाभूल करतं. वाक्यापुरतं मान्य. उलटी म्हणजे कुठे, हे मी सांगायलाच हवं होतं. आज दुरुस्ती केली आहे. प्रयोग मात्र खरा आहे.

२०१२ मध्ये हार्वर्डच्या रोलँड इन्स्टिट्यूटमधल्या सुप्रदीप नारायण आणि युकी सातो यांनी तो केला. ठोकळ्याची एक बाजू गरम, दुसरी थंड. मधोमध तांबं आणि पॉलियुरेथेन (उष्णता अडवणारं प्लॅस्टिक) यांची वळसे घेत आत जाणारी गोल रचना. तांब्यातून शिरलेली उष्णता वळसा घालून गाभ्याच्या पलीकडच्या अंगाला पोचते, कारण जवळची वाट पॉलियुरेथेनने अडवलेली असते. त्यामुळे गाभ्यात थंड बाजूकडचं टोकच जास्त गरम होतं, आणि तिथून उष्णता मागे, गरम बाजूच्या दिशेने वाहते. गंगा काशीला उत्तरवाहिनी होते, म्हणून ती हिमालयाकडे चढत जाते असं कुणी म्हणत नाही. इथेही तापमानाचा उतार कुठेच मोडलेला नाही; तो कसा वळवायचा, एवढंच माणसाने ठरवलं.

खरी गोम आपल्या शिकवण्यात आहे, असं मला मनापासून वाटतं. फूरियेचा नियम (तापमानाचा उतार जितका तीव्र, तितकी उष्णता जास्त वाहते) सांगताना वाहकता, म्हणजे पदार्थाची उष्णता वाहून नेण्याची क्षमता, हा एकच आकडा धरतो. ग्राफाइटला असा एक आकडा पुरत नाही. चांगल्या प्रतीच्या ग्राफाइटमध्ये थरांच्या दिशेने वाहकता १,००० वॅट प्रति मीटर-केल्विनच्या वर जाते, थर ओलांडताना १० च्या आसपास. अशा पदार्थात प्रवाह तापमानाच्या उताराला तिरका जाऊ शकतो. मोबाइलमध्ये चिपची उष्णता आडवी पसरवायला ग्राफाइटचा पातळ पत्रा घालतात, तो याच गुणामुळे. अकरावीच्या मुलांना हे नक्की कळेल.

'मग उष्णतेचा डायोडही होईल म्हणा!' असं तुम्ही शेवटी लिहिलंत; म्हणजे एका दिशेने उष्णता सहज जाऊ देणारी आणि उलट दिशेने अडवणारी वस्तू. झालाय. त्यातला एक, फार दुबळा, असा. २००६ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठात नॅनोनळ्यांच्या (केसाहून कितीतरी बारीक नळ्यांच्या) एका टोकावर प्लॅटिनमचं जड संयुग चढवलं. जड टोकाकडून हलक्याकडे उष्णता जरा जास्त गेली; फरक २ ते ७ टक्के. दोन्ही टोकं सारख्याच तापमानाला ठेवली, तर त्या नळीतूनही निव्वळ उष्णता कुठल्याच बाजूला जात नाही.