पोळपाटाचा कर्ण

मंगळवारी सकाळी साडेआठला बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे आजोबा. दोन्ही हातांत आमचा पोळपाट, इकडे जपानमध्ये व्हिजिटिंग कार्ड देतात तसा किंचित वाकून पुढे धरलेला. पोळपाटावर कागद चिकटवलेला. मथितार्थ असा, की हा कचरा आम्हाला उचलता येत नाही, कृपया नियम पाहावेत.

आजोबांनी पोळपाट धुऊन, पुसून आणला होता. ते मला जास्त लागलं.

पार्श्वभूमी थोडक्यात उरकतो. टोकियोतल्या शाळेत गणित शिकवायचं माझं काम 31 मार्चला संपतंय. त्याआधी घर रिकामं करायचंय. मुलीच्या प्रवेशासाठी बायको तिला घेऊन आधीच साताऱ्याला गेली, आणि जाताना म्हणाली, "उरलेलं काय ते तू बघ." उरलेलं म्हणजे सगळंच. त्यात जपानचं आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं, शाळेचंही तेव्हाच, त्यामुळे या महिन्यात निम्मं शहर घरं बदलत असतं आणि कचरा न्यायला कुणालाच सवड नसते.

इथे वस्तू विकत घेणं सोपं, टाकणं हा अभ्यासक्रम. जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा, न जळणारा महिन्यातून दोनदा, बाटल्या-डबे-कागद यांचे वार वेगळे. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन आणि एसी या चौघांना तर वॉर्ड, म्हणजे इथली पालिका, हातच लावत नाही. त्यांच्यासाठी 2001 पासून स्वतंत्र कायदा आहे आणि त्यांना निरोप द्यायचे पैसे आपण भरायचे. आणि ज्याची कुठलीही बाजू 30 सेंटिमीटरच्या वर, तो 'सोदाई गोमी', म्हणजे मोठा कचरा. त्यासाठी फोन करून तारीख घ्यायची, कोपऱ्यावरच्या कोम्बिनीतून, म्हणजे किरकोळ सामानाच्या दुकानातून, तिकीट आणायचं, त्यावर नंबर लिहून ते वस्तूला चिकटवायचं आणि ठरल्या दिवशी सकाळी आठच्या आत खाली ठेवायचं.

पोळपाट लाकडी. लाकूड जळतं. व्यास साडेएकोणतीस, मी स्वतः मोजलेला. म्हणून मी तो जळणाऱ्या कचऱ्याच्या पिशवीत रीतसर ठेवला होता. पिशवी नियमाप्रमाणे पारदर्शक असते, म्हणजे आपण काल काय खाल्लं ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं. वर कावळ्यांसाठी जाळी. कावळ्यांपासून झाकतात, शेजाऱ्यांपासून नाही.

"हा माझाच हे कसं ओळखलंत?" मी विचारलं.

"पिशवीत ती पानांची काडी होती, सेन्सेई. वासाची." सेन्सेई म्हणजे गुरुजी.

कढीपत्ता. अख्ख्या इमारतीत कढीपत्ता एकट्या माझ्याकडे. नाव-पत्ता लिहिला असता तरी चाललं असतं.

या आजोबांबद्दल सांगायला हवं. त्यांना कचऱ्यावर कुणी नेमलेलं नाही, पण रोज सकाळी ते जाळीपाशी उभे असतात. 2007 च्या सुमारास जपानमध्ये भारतीय गणिताचं वेड आलं होतं. भारतातली पोरं 19 गुणिले 19 पर्यंतचे पाढे तोंडपाठ म्हणतात ही बातमी पसरली आणि त्यावरच्या पुस्तकांनी दुकानं भरली. त्यातलं एक पुस्तक आजोबांकडे आहे. लाट ओसरली, आजोबा ओसरले नाहीत. लिफ्टमध्ये भेटलो की नमस्काराच्या जागी, "सेन्सेई, सतरा गुणिले एकोणीस?"

"तीनशे तेवीस."

मग ते खिशातून कॅल्क्युलेटर काढून खात्री करतात. दरवेळी. माझ्या वडिलांना पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी सगळं येत होतं. बाजारात सव्वातीन किलो कांद्याचा हिशेब ते वाण्याच्या आधी करत. ते इथे आले असते तर आजोबांनी त्यांना खाली उतरूच दिलं नसतं. मला नुसते तीसपर्यंत पाढे येतात, त्यावरच माझी इमारतीतली सगळी पत उभी होती. ती मंगळवारी गेली.

"हा साडेएकोणतीस आहे," मी म्हणालो. "तीसच्या आत."

आजोबांनी खिशातून टेप काढली. कॅल्क्युलेटरच्या शेजारीच होती. "नियम सर्वांत लांब बाजूचा आहे, सेन्सेई."

"वर्तुळाला बाजू नसते." हे वाक्य मी दरवर्षी सातवीच्या वर्गात म्हणत आलोय, त्यामुळे आवाजात आपोआप एक वजन आलं.

आजोबा विचारात पडले. "बाजूच नसेल, तर ती तीसपेक्षा कमी आहे हे कसं म्हणता येईल?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सातवीतल्या एकाही पोराने इतक्या वर्षांत हा प्रश्न विचारलेला नाही.

मग त्यांनी पोळपाट जिन्याच्या कट्ट्यावर ठेवला. आमच्या पोळपाटाचे पाय अगदी काठाला लागून आहेत. आजोबांनी टेपचं एक टोक एका पायाच्या तळाशी लावलं आणि दुसरं तिरकं वर, समोरच्या काठाला. चष्मा कपाळावर सरकवला, वाकून पाहिलं आणि हलक्या आवाजात, वाईट बातमी सांगावी तसं म्हणाले, "तीस पूर्णांक तीन."

मी मनात पडताळलं. साडेएकोणतीसचा वर्ग 870.25. पायांची उंची 7, तिचा वर्ग 49. बेरीज 919.25. वर्गमूळ तीस पूर्णांक तीन. पायथागोरसचं प्रमेय मी या देशात किती पोरांच्या डोक्यात भरलं याची मोजदाद नाही, आणि तेच माझ्या पोळपाटाखालून निघालं.

"पण तिरकं मोजा असं कुठे लिहिलंय?" मी विचारलं. खरंच विचारतोय. छापील पत्रकात ते नाही. आजोबा म्हणाले, "तिरकं मोजू नका असंही नाही." आणि पुन्हा वाकले. वाकलेल्या माणसाशी भांडता येत नाही.

बरं, टाकायच्या आधी मी तो द्यायचाही प्रयत्न केला होता. टोकियोतल्याच निशी-कसाईला बरीच भारतीय वस्ती आहे, तिथल्या एका मराठी काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो, माझ्याकडेच तीन पडलेत. सगळे परत गेलेल्यांचे. तुम्हाला हवाय का एक?" 2019 मध्ये पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक एडोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, तेव्हा मला आशा होती की आता टोकियोत कुठेतरी कचऱ्याच्या यादीत पोळपाटाला स्वतःचा रकाना मिळेल. पण आमचा वॉर्ड वेगळा, आणि मतही नाही, कारण परक्या नागरिकाला इथे मतदान नसतं. कर असतो.

कराचं नाव निघालंच आहे तर तेही ऐका. इथला रहिवासी कर गेल्या वर्षीच्या कमाईवर, 1 जानेवारीला तुम्ही जिथे राहत असाल तिथे लागतो, आणि बिलं जूनमध्ये निघतात. मी मार्चअखेर जाणार, म्हणजे साताऱ्यात बसून टोकियोच्या रस्त्यांची वर्षभराची वर्गणी भरायची, आणि ती भरायला इथे एक माणूस नेमून जायचं. पेन्शनचे कापलेले पैसे परत मिळतात, पण देश सोडल्यावर अर्ज करायचा, आणि हिशेबात धरतात जास्तीत जास्त पाच वर्षं. त्यापुढे शिकवलं ते समाजसेवा. घर घेताना मालकाला 'रेकिन' म्हणून एक रक्कम दिली होती, तुम्ही आम्हाला राहू देताय याबद्दल आभार म्हणून. ती परत मिळत नाही, कारण आभार परत घेत नसतात. डिपॉझिट मिळायला हवं होतं. त्यातून फोडणीने पिवळी पडलेली भिंत वजा होणार आहे असं कालच कळलं. याउलट वॉर्ड ऑफिसात देश सोडतोय असा फॉर्म दिला, तर खिडकीतल्या बाईंनी शिक्का मारला आणि पुढचा नंबर पुकारला. काय शिकवलंत, कसं वाटलं, कुणी काही विचारलं नाही. मी गेलो तर चालतं. पोळपाट गेला पाहिजे तो पद्धतशीर.

तर मोठ्या कचऱ्यासाठी फोन केला. पलीकडच्या मुलीने वस्तूचं नाव विचारलं. मी वर्णन केलं. तिने यादी पाहिली. "छोटं टेबल धरू या का?" म्हणाली. मी म्हटलं, धरा. शुल्क 400 येन. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "सव्वादोनशे रुपये! तुळशीबागेत त्यात नवा येईल." तारीख मिळाली एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली. माझं विमान त्याच्या आधी.

हे ऐकून आजोबांचा चेहरा उजळला. त्यांनी पोळपाट आपल्या घरी ठेवून त्या दिवशी खाली आणायची जबाबदारी घेतली. तिकीट मी आणलं, नंबर लिहिला, त्यांनी ते चारही कोपरे दाबून बसवलं. निघताना "अठरा गुणिले सतरा?" झालं. मी तीनशे सहा म्हणालो. या वेळी त्यांनी कॅल्क्युलेटर काढला नाही, हे मी मान म्हणून घेतलं.

मग ते वळले. "सेन्सेई, मी टीव्हीवर पाहिलंय. याच्याबरोबर एक काठी असते ना?"

"असते."

"लांबी?"

हातातली टेप उघडलेलीच होती. स्वयंपाकघराचा ओटा दारातून सरळ दिसतो आणि लाटणं ओट्यावरच होतं. टेप न लावताही तीसच्या वर आहे हे शेंबडं पोर सांगेल.

"ते भारतात नेतोय," मी म्हणालो.

त्यामुळे आता न्यावं लागणार. मुभा 23 किलोची आहे, आणि बॅग आत्ताच साडेतेवीस भरतेय.