टोलेडोचा इलेक्ट्रिशियन आणि ८५ लाखांचा हिशेब

माझा भाचा कराडला राहतो. आयटीआय करून इलेक्ट्रिशियन झाला, आता एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. परवा त्याने एक मेसेज पाठवला. तुमच्याही ग्रुपवर फिरून गेला असेल: "अमेरिकेत लहान शहरातला इलेक्ट्रिशियनसुद्धा वर्षाला १ लाख डॉलर, म्हणजे ८५ लाख रुपये कमावतो. डिग्री नको, सहा महिन्यांत काम येतं. लहान शहरात खर्च कमी, निम्मा पगार शिल्लक. आपला आयटीआय तिथे चालतो, संधी सोडू नका." खाली एजंटचा नंबर. आणि भाच्याचा प्रश्न, "मावशी, तू तिथेच आहेस. खरंय का गं?"

मी ओहायोतल्या टोलेडोत राहते. वस्ती पावणेतीन लाखांच्या आसपास, काच आणि जीप गाड्यांसाठी ओळखलं जाणारं गाव. मेसेजमध्ये म्हटलंय तसलंच शहर. म्हणून एकेक दावा तपासते.

आधी ते लाख डॉलर. अमेरिकी कामगार खात्याच्या मे २०२४ च्या आकडेवारीत इलेक्ट्रिशियनचा मध्यम पगार वर्षाला ६२,३५० डॉलर आहे, तासाला साधारण ३०. मध्यम म्हणजे निम्म्या लोकांना याहूनही कमी. १,०६,०३० च्या वर जातात ते फक्त वरचे १० टक्के. तळाच्या १० टक्क्यांना ३९,४३० सुद्धा मिळत नाहीत. लाख कमावणारे आहेत, नाही असं नाही. पण तासाला ३० डॉलरवाल्याने लाख कसे गाठायचे ते बघा. आठवड्याचे ४० तास झाले की पुढच्या तासांना दीडपट. ६० तास भरले तर आठवड्याला २,१०० होतात, आणि असे ५० आठवडे काढले तर १,०५,०००. सोमवार ते शनिवार रोज दहा तास, वर्षभर. तेही काम सलग मिळालं तर. मोठी साइट संपली की युनियनच्या यादीत नाव घालून पुढच्या बोलावण्याची वाट बघावी लागते.

सहा महिन्यांत काम येतं, हे वाचून मला आमचा माळा आठवला. आमचं घर शंभर वर्षांपूर्वीचं. गेल्या जुलैत वायरिंग बदलायला घेतली तेव्हा मुख्य इलेक्ट्रिशियनबरोबर एक शिकाऊ मुलगा होता, तिसऱ्या वर्षाचा. माळ्यावर तो पोटावर सरपटत गेला. चिनीमातीच्या गुंड्यांवरून ओढलेल्या, कापड गुंडाळलेल्या जुन्या तारा, अर्थिंगचा पत्ता नाही. दोन तासांनी खाली आला तेव्हा इन्सुलेशनच्या काचतंतूंनी त्याचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. एवढं करूनही एकट्याने पॅनेलला हात लावायची त्याला परवानगी नव्हती. इथली शिकाऊ उमेदवारी चार-पाच वर्षांची असते. साइटवर सुमारे ८,००० तास, शिवाय दरवर्षी वर्ग. सुरुवातीचा पगार पक्क्या कारागिराच्या निम्म्याच्या आसपास. डिग्रीचं कर्ज डोक्यावर होत नाही, हे मात्र खरं आणि मोलाचं आहे.

आता शिल्लक. ६२,३५० वाला एकटा माणूस धरा. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (म्हातारपणच्या पेन्शनची आणि आरोग्यविम्याची सक्तीची कपात), केंद्राचा आयकर, ओहायो राज्याचा कर, आणि टोलेडो शहराचा वेगळा २.५ टक्के (हो, शहरसुद्धा पगारावर कर घेतं) मिळून साधारण १३,००० जातात. हातात महिन्याला ४,१०० उरतात. घरं इथे खरंच स्वस्त आहेत, तो मुद्दा मान्य. पण गाडीवाचून इथे भागत नाही, कारण साइट रोज बदलते आणि सकाळी सातला बर्फातून पोचायचं असतं. हप्ता, विमा, पेट्रोल सगळं आलं. कुटुंब असेल तर आरोग्यविमा. कंपनीमार्फत घेतलेल्या कुटुंबाच्या विम्यात कामगाराचा स्वतःचा वाटा २०२४ मध्ये देशभरात सरासरी ६,२९६ डॉलर होता. म्हणजे महिन्याला सव्वापाचशे, दवाखान्याची पायरी चढायच्या आधीच. नवराबायको दोघं कामाला आणि लेकरू पाळणाघरात, तर आणखी हजाराच्या वर. डॉलरला ८५ ने गुणून पगार सांगणाऱ्याने भाडं आणि दूधही ८५ ने गुणावं. इथला कारागीर उपाशी नाही, नीट राहतो. पण निम्मा पगार बाजूला पडत नाही.

शेवटचा दावा मला सगळ्यात जास्त टोचला, कारण त्यात पोरांचे पैसे जातात. आपल्याकडे घरच्या वायरिंगमध्ये काळी तार न्यूट्रल असते. इथे काळी फेज, पांढरी न्यूट्रल. व्होल्टेज वेगळं, नियमांचं पुस्तक वेगळं आणि ते दर तीन वर्षांनी बदलतं. आपला आयटीआयवाला हुशार असतो, हे सगळं शिकेलही. पण नुसत्या त्या प्रमाणपत्रावर इथे कुणी साइटवर घेत नाही, आणि मुळात येणार कसा? एच-वन-बी व्हिसाला पदवी लागणारी नोकरी लागते. हंगामी कामाचा एच-टू-बी काही महिन्यांचा असतो आणि वर्षाला ६६,००० व्हिसांची मर्यादा असते. कुशल कामगाराचं ग्रीन कार्ड आहे, पण त्यासाठी इथल्या मालकाने कामगार खात्याकडून मंजुरी काढावी लागते आणि भारतीयांची रांग दहा वर्षांहून लांब आहे. त्या मंजुरीचा आणि तिच्या वकिलाचा खर्च कायद्याने मालकानेच करायचा असतो, कामगाराकडून घेता येत नाही.

भाच्याला मी एवढंच सांगितलं: एजंटला मालकाचं नाव विचार आणि मंजुरीचा कागद दाखवायला सांग. त्याने विचारलं. "आधी फाइल फी भरा, मग नाव सांगतो," असं उत्तर आलं. त्याने पैसे भरले नाहीत. त्याच्या बॅचमधल्या दोघांनी आधीच भरले होते, एकाने आईच्या पाटल्या मोडून.