शार्कचा जबडा मूळचा टायगर्सचा नाही

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांवरच्या चित्रांबद्दलचा तुमचा लेख छान जमलाय, पण त्यातलं ‘विमानाच्या नाकावर शार्कचा जबडा फ्लाइंग टायगर्सनी पहिल्यांदा रंगवला’ हे वाक्य बदला. (टायगर्स म्हणजे चीनच्या बाजूने जपानशी लढलेलं अमेरिकी स्वयंसेवक वैमानिकांचं पथक.) आधी जर्मन हवाई दलाच्या झेडजी ७६ या तुकडीची मेसरश्मिट ११० लढाऊ विमानं, ती पाहून १९४१ मध्ये उत्तर आफ्रिकेत आरएएफच्या (ब्रिटिश हवाई दलाच्या) ११२ स्क्वाड्रनची टॉमाहॉक (म्हणजे पी-४० चं ब्रिटिश नाव), आणि त्यांचा मासिकातला फोटो बघून टायगर्स. म्हणजे नकलेची नक्कल!

टायगर्सच्याही पी-४० विमानांवर हा जबडा इतका फिट्ट बसतो, कारण पंख्याच्या मागे खालच्या अंगाला रेडिएटरचं भोक आहे. आ वासलेलं तोंड आयतंच मिळतं. भानगड पुढे होते. चित्र इंजिनावरच्या सुट्या पत्र्यांवर पसरलेलं असतं, त्यामुळे एखादा पत्रा बदलला की दातांची रांग तिथेच तुटते. शिवाय सगळं हाताने रंगवलेलं, म्हणून दोन विमानांचे दात-डोळे तंतोतंत सारखे नसतात. मॉडेल करणाऱ्यांनी एकच डेकल (तयार छापील चित्र) सगळ्यांना चिकटवू नये. त्याच विमानाचा, त्याच बाजूचा फोटो शोधावा. बाजूचं तर विशेष बघा: ‘मेम्फिस बेल’ या बी-१७ बॉम्बफेकी विमानावरची मुलगी डावीकडे निळ्या पोशाखात आहे, उजवीकडे लाल.